मातामोरोसमधले अडीच तास

3 मार्च 2023, शुक्रवार. सकाळी 9 वाजून 18 मिनिटांनी एक पांढरी मिनीव्हॅन टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलहून पूल ओलांडून मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात शिरली. गाडीला नॉर्थ कॅरोलायनाची नंबरप्लेट होती. आत साउथ कॅरोलायनाचे चौघे होते, एक बाई आणि सोबतीला आलेले तिघे पुरुष. बाईला पोटाची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून घ्यायची होती. तिला क्लिनिकवर सोडायचं आणि बाकीच्यांनी मागे फिरायचं, एवढाच बेत. बरोबर आलेली पाचवी मैत्रीण ओळखपत्र घरी विसरली होती, म्हणून ती ब्राउन्सव्हिलच्या मोटेलमध्येच थांबली. मंडळी पंधरा मिनिटांत परत येणार होती, असं तिने नंतर सांगितलं.

दुपारी बाराला काही मिनिटं कमी असताना मातामोरोसच्या भर रस्त्यात त्या व्हॅनवर गोळीबार झाला. दुसरी गाडी येऊन आदळली. बुलेटप्रूफ जाकिटं घातलेल्या बंदूकधाऱ्यांनी चौघांना एका पांढऱ्या पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकलं. बाई स्वतःच्या पायांनी चढली, बाकीच्यांना फरपटत नेलं. कोणीतरी उतरवलेली ती चित्रफीत जगभर फिरली. तिच्यात हाणामारीपेक्षा आजूबाजूची शांतता जास्त अंगावर येते. मागे गाड्यांची रांग लागली आहे आणि एकही जण हॉर्न वाजवत नाही. त्या रांगेत असलेल्या एका मेक्सिकन बाईने वार्ताहरांना सांगितलं, की हललो तर आपल्याकडे लक्ष जाईल आणि गोळी आपल्यावर येईल, हाच विचार तिथे प्रत्येकाच्या डोक्यात असणार.

दीड-एक गल्ली पलीकडे 33 वर्षांची एक मेक्सिकन स्त्री भरकटलेल्या गोळीने जागीच गेली. तिचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता.

पुढचे चार दिवस थोडक्यात सांगतो, कारण माझा रोख आधीच्या अडीच तासांवर आहे. एफबीआयने रविवारी 50,000 डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. अपहरणकर्त्यांनी चौघांना ठिकठिकाणी फिरवलं. त्यांत एक दवाखानाही होता. शोध घेणाऱ्यांना चकवा देण्यासाठी हे केलं, असं मातामोरोस ज्या राज्यात आहे त्या तामाउलिपासचे राज्यपाल अमेरिको व्हियारेआल म्हणाले. मंगळवारी, 7 मार्चला, शहराबाहेर समुद्राकडे जाणाऱ्या भागातल्या एका लाकडी खोपटात चौघे सापडले. दोघे मेलेले, एकाच्या पायाला गोळी लागलेली, बाई धडधाकट. पहाऱ्यावरचा एक तरुण पकडला गेला. मग 9 मार्चला त्या घटनेला एक विचित्र शेपूट फुटलं. पाच माणसं हात बांधून, तोंडं खाली करून रस्त्यावर टाकलेली सापडली, आणि गल्फ कार्टेल या गुन्हेगारी टोळीच्या 'स्कॉर्पियन' गटाच्या नावाने एक पत्र समोर आलं. आमच्या माणसांनी शिस्त मोडली, स्वतःच्या मर्जीने हे केलं, त्यांना तुमच्या हवाली करतो आहोत, असा पत्राचा सूर. त्यात शहराच्या रहिवाशांची, मेलेल्या मेक्सिकन स्त्रीच्या नातलगांची आणि अमेरिकी कुटुंबांची माफी मागितली होती. एखाद्या कारखान्याने मालात खोट निघाल्यावर काढलेल्या पत्रकासारखी ती भाषा होती.

हल्ला का झाला? हैतीहून आलेल्या स्थलांतरितांची तस्करी करणारे समजून चौघांना चुकून लक्ष्य केलं असावं, अशी शक्यता अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने सुरुवातीलाच बातम्यांत आली. चौघेही कृष्णवर्णीय होते, आणि त्या दिवसांत मातामोरोसच्या नदीकाठी स्थलांतरितांचे मोठे तळ होते, त्यांत हैतीचे लोकही होते. बहुतेकांनी ही शक्यता मान्य केली. मीही ती धरूनच पुढे जातो, कारण रस्त्याने जाणाऱ्या माणसासाठी सगळ्यात भीतीदायक शक्यता तीच आहे. तुम्ही कोण आहात याला तिथे किंमत नाही. बघणाऱ्याला तुम्ही कोण वाटलात, यावर सगळं ठरतं.

पूल ओलांडणं सोपं असतं

ब्राउन्सव्हिल आणि मातामोरोस ही एकाच नदीच्या दोन काठांवरची गावं आहेत. अमेरिकेत नदीला रिओ ग्रांदे म्हणतात, मेक्सिकोत रिओ ब्राव्हो. पुलांवरून रोज हजारो माणसं ये-जा करतात, कामाला, शाळेला, आजीला भेटायला, औषधं आणायला. त्याच वेळी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या यादीत तामाउलिपास राज्य 'पातळी 4: प्रवास करू नका' यात होतं, गुन्हेगारी आणि अपहरण ही कारणं देऊन. 2023 च्या त्या महिन्यात मेक्सिकोची सहा राज्यं या पातळीवर होती: तामाउलिपास, सिनालोआ, मिचोआकान, ग्वेरेरो, कोलिमा आणि साकातेकास.

आता गंमत अशी, की पातळी 4 ही बंदी नाही. पुलावर कोणी अडवत नाही. आणि रोज जाणारी माणसं रोज सुखरूप परत येतात, त्यामुळे सरकारी इशारा हा नुसता कागद वाटू लागतो. त्या चौघांतली बाई याआधीही एकदा अशाच कामासाठी मेक्सिकोला जाऊन आली होती, असं तिच्या आईने वार्ताहरांना सांगितलं. एकदा नीट जाऊन आलेल्या माणसाला इशारा समजावून सांगणं फार अवघड असतं. आपल्याकडे घाटात दरडींची पाटी वाचून कोण थांबतं? रोजचा एसटीचा ड्रायव्हर मात्र त्या घाटात कुठल्या वळणावर, कुठल्या महिन्यात गाडी सावकाश घ्यायची हे जाणून असतो. पुलावरून रोज जाणाऱ्या मातामोरोसकराचंही तसंच आहे. त्याची नंबरप्लेट ओळखीची असते, रस्ता पाठ असतो, कुठल्या भागात कुणाची चलती आहे ते माहीत असतं. त्याचं सुखरूप परत येणं हा दूरच्या राज्यातून आलेल्या माणसासाठी पुरावा होत नाही.

मातामोरोस हे गल्फ कार्टेलचं मूळ गाव आहे. या टोळीची मुळं अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या दारूपर्यंत जातात. 1999 मध्ये याच शहराच्या रस्त्यावर अमेरिकेच्या दोन सरकारी एजंटांची गाडी टोळीच्या शस्त्रधारी माणसांनी घेरली होती. गाडीला राजनैतिक नंबरप्लेट होती, तरीही. बोलाचालीवर ते दोघे सुटले. अशा गावात टोळीचे टेहळे असतात, त्यांना तिथे 'आल्कोन' म्हणजे बहिरी ससाणा म्हणतात. चौकात, पेट्रोल पंपावर, टपरीवर उभं राहून अनोळखी गाडी दिसली की कळवायचं, हेच त्यांचं काम. नॉर्थ कॅरोलायनाची नंबरप्लेट लावलेली व्हॅन या डोळ्यांना किती वेळ दिसत राहिली? अडीच तास.

क्लिनिक सापडेना

माझ्या मते सगळं प्रकरण या अडीच तासांत आहे. चौघे रस्ता चुकले. क्लिनिकशी फोनवर बोलणं धड होत नव्हतं, एकतर भाषेची अडचण आणि त्यात फोनला रेंज नाही. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली. गाडी त्याच भागात फिरत राहिली. एका ठिकाणी पोचायचं आणि निघायचं, हा जो पंधरा मिनिटांचा हिशोब होता, तो फिस्कटला तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. हे लिहिताना मला जरा संकोच वाटतो. घरात बसून, नकाशा समोर ठेवून, दुसऱ्याच्या चुका दाखवणं सोपं असतं. पैसे भरलेले, दीडेक हजार मैलांचा रस्ता तुडवून आलेलो, क्लिनिक इथेच कुठेतरी आहे, अजून एक वळण घेऊन बघू, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

म्हणून या प्रकरणातून 'मेक्सिको धोकादायक आहे' एवढंच काढलं तर हाती काही लागत नाही. धोका वेळेत मोजायला हवा. अनोळखी गाडी, अनोळखी गाव आणि निरुद्देश दिसणारी भटकंती, ही तिन्ही एकत्र आली की प्रत्येक जादा मिनिट महाग पडतं. याच तामाउलिपास राज्यात, मातामोरोसहून थोड्या अंतरावर, नुएव्हो प्रोग्रेसो नावाचं छोटं गाव आहे. टेक्सासचे म्हातारे-कोतारे हिवाळाभर तिथे दात करून घ्यायला, चष्मे आणि औषधं घ्यायला जातात. त्यातले बरेच जण गाडी अमेरिकेच्या बाजूला पैसे देऊन लावतात आणि पुलावरून चालत जातात. सगळे दवाखाने पुलापासून सुरू होणाऱ्या एकाच रस्त्यावर. राज्य तेच, पातळी तीच, इशाराही तोच. पण चालणाऱ्याला रस्ता चुकायला जागाच नाही आणि त्याच्याकडे ओढून न्यावी अशी गाडीही नाही. याचा अर्थ तिथे धोका नाही असा घेऊ नका. धोक्याच्या तोंडाशी उभं राहण्याचा वेळ कमी होतो, एवढंच.

गाडी हे स्वतःच आमिष असू शकतं. एप्रिल 2024 मध्ये बाहा कॅलिफोर्निया राज्यात एन्सेनादाच्या दक्षिणेला सर्फिंगसाठी आलेले दोन ऑस्ट्रेलियन भाऊ आणि त्यांचा अमेरिकी मित्र मारले गेले. तपासकर्त्यांच्या म्हणण्यानुसार चोरांना त्यांच्या पिकअपचे टायर हवे होते. तिथे पातळी 4 सुद्धा नव्हती, 3 होती.

आणि लांब पल्ल्याचे रस्ते ही आणखी वेगळी गोष्ट. मातामोरोसहून दक्षिणेला निघालं की सान फेर्नांदो लागतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये तिथे 72 स्थलांतरितांची कत्तल झाली. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यात सामूहिक खड्ड्यांतून 193 मृतदेह निघाले, त्यातले अनेक जण प्रवासी बसमधून खाली उतरवलेले होते. 2021 मध्ये मोंतेरेहून नुएव्हो लारेदोला जाणाऱ्या महामार्गावरून कित्येक जण बेपत्ता झाले, त्यांत टॅक्सी आणि ट्रकचे चालकही होते. अमेरिकेचे स्वतःचे सरकारी कर्मचारी तामाउलिपासमध्ये शहरातून शहरात जाणारे आतले महामार्ग वापरू शकत नाहीत, मातामोरोसमध्ये कॉन्सुलेट आणि घर यांच्या आसपासच्या ठरावीक परिघातच फिरू शकतात, आणि मध्यरात्र ते सकाळी सहा त्यांना बाहेर पडता येत नाही. इशाऱ्याच्या पानावर मी सगळ्यात आधी हाच मजकूर वाचतो. सरकार नागरिकांना सल्ला देतं तेव्हा हात राखून लिहितं. स्वतःच्या माणसांना हुकूम देतं तेव्हा खरं बोलतं.

मागे राहिलेली मैत्रीण

पाचव्या मैत्रिणीविषयी फारसं लिहिलं गेलं नाही. ओळखपत्र विसरल्यामुळे ती वाचली, असं सगळे म्हणाले आणि पुढे गेले. पण प्रकरण म्हणून पाहिलं तर बाहेरच्या जगाशी जोडणारा एकमेव धागा तीच होती. मंडळी पंधरा मिनिटांत येणार होती. ब्राउन्सव्हिलच्या पोलिसांशी तिचा संपर्क झाला तो दुसऱ्या दिवशी, शनिवारी. तिला दोष देण्यात अर्थ नाही. उशीर झाला तर नक्की किती वाजता, कोणाला, काय सांगायचं, हे बहुधा कोणीच ठरवलं नसणार. आपणही ट्रेकला निघताना घरी 'संध्याकाळपर्यंत येतो' एवढंच सांगतो आणि घरचे रात्री दहापर्यंत 'येतील' म्हणत बसतात.

सोबत्याला द्यायची चिठ्ठी साधी असते. गाडीचा नंबर, क्लिनिकचा पत्ता आणि फोन, कुठल्या पुलाने जाणार, फोनचं लोकेशन चालू, आणि एक ठाम वेळ. त्या वेळेला फोन लागला नाही तर वाट बघायची नाही. मेक्सिकोतही तातडीचा क्रमांक 911 च आहे, पण पलीकडच्या काठावर बसलेल्याने आपल्या काठाच्या पोलिसांना सांगायचं. रस्त्यात गाडी बिघडली तर 078 वर 'आंखेलेस व्हेर्देस', म्हणजे हिरवे देवदूत, ही सरकारी मदत मिळते. ती महामार्गावरच्या बिघाडासाठी आहे, टोळीच्या वेढ्यासाठी नाही.

भारतीय पासपोर्ट खिशात असेल तर

टेक्सासातल्या मराठी घरांत रूट कॅनालचा खर्च निघाला की पाठोपाठ 'पलीकडे जाऊन ये की' हेही निघतं. मार्चमधल्या सुट्टीत विद्यार्थी साउथ पाद्रे बेटावर येतात, आणि तिथून ब्राउन्सव्हिलचे पूल जवळच आहेत. म्हणून हा भाग आपल्यासाठी.

चालू अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय नागरिकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अडचण होते ती पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला आणि अमेरिकेतला मुक्काम मात्र कागदोपत्री वैध, अशा स्थितीत. तीस दिवसांच्या आतली मेक्सिको फेरी असेल तर संपलेल्या व्हिसावरही परत येऊ देणारा एक अमेरिकी नियम आहे. मित्रमंडळी तेवढाच सांगतात आणि दोन गोष्टी विसरतात: मेक्सिकोची सवलत चालू व्हिसावर आहे, आणि त्या फेरीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर अमेरिकी नियमाचा फायदा जातो. कागदांच्या गोंधळात पुलावर दोन तास अडकणं म्हणजे काळोख पडल्यावर गाडी चालवण्याची वेळ ओढवून घेणं.

गाडीचंही तसंच. अमेरिकेतला विमा मेक्सिकोत दायित्वासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईसाठी, चालत नाही, मेक्सिकन पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. ती नसताना अपघात झाला तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात. भाड्याची गाडी लेखी परवानगीशिवाय पलीकडे नेता येत नाही. सीमेलगतचा पट्टा सोडून आत गेलात तर गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागतो. टेक्सासात गाडीच्या कप्प्यात बंदूक किंवा सुटी काडतुसं ठेवणारे मित्र असतात. मेक्सिकोत एक काडतूसही गुन्हा ठरू शकतं, त्यामुळे उसनी गाडी नेत असाल तर कप्पे आधी रिकामे करा.

पण मला खरी चिंता वेगळी वाटते. त्या चौघांसाठी एफबीआय उतरली, बक्षीस लागलं, मेक्सिकोतले तेव्हाचे अमेरिकी राजदूत केन सालाझार मेक्सिकन सरकारशी बोलले, आणि चार दिवसांत माणसं सापडली. कारण त्यांच्या खिशात अमेरिकी पासपोर्ट होता. त्याच सुमाराला, 24 फेब्रुवारीला, टेक्सासच्या पेनितास गावातून तीन स्त्रिया एका जुन्या शेव्हरोले सिल्व्हेराडो पिकअपमधून मेक्सिकोतल्या मोंतेमोरेलोसच्या बाजारात कपडे विकायला निघाल्या होत्या. दोघी बहिणी आणि एक मैत्रीण. एकीच्या नवऱ्याचं तिच्याशी वाटेत फोनवर बोलणं झालं, मग संपर्क तुटला. त्यांची बातमी मातामोरोसच्या घटनेनंतर, जणू तिच्या पदराला धरूनच, देशभर पोचली. आणि मेक्सिकोत अधिकृत नोंदीतल्या बेपत्ता माणसांचा आकडा तेव्हाच एक लाखाच्या वर गेलेला होता. मातामोरोसच्या मातांनी तेव्हा विचारलं नसेल का, की आमच्या पोरांना शोधायला चार दिवस कधी कुणी दिले?

भारतीय पासपोर्टवाल्याचं कुटुंब टेक्सासात असलं तरी त्याची फाईल मेक्सिको सिटीतल्या भारतीय दूतावासाकडे जाते, मातामोरोसमधल्या अमेरिकी कॉन्सुलेटकडे नाही. हा फरक फोनमध्ये नंबर साठवताना लक्षात ठेवायचा. दूतावासाचा तातडीचा नंबर आधीच साठवून ठेवा, पासपोर्टची, व्हिसाची आणि मुक्कामाच्या कागदाची छायाचित्रं मागे राहणाऱ्याकडे द्या.

आणि ज्या शस्त्रक्रियेसाठी हा सगळा प्रवास होता, तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने इशारा दिला. मातामोरोसमधल्या दोन क्लिनिकमध्ये पाठीत सुई देऊन भूल घेतलेल्या रुग्णांना बुरशीजन्य मेंदूज्वर होत होता. काहींचा मृत्यू झाला. त्या रुग्णांनी पूल ओलांडला, क्लिनिक शोधलं, शस्त्रक्रिया करून घेतली आणि सुखरूप घरी परतले. आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं.